दाणा शिजत का नाही?

मुंबईतल्या घरात बिनबोभाट मऊ होणारे छोले पुण्याबाहेरच्या एखाद्या नव्या सोसायटीत राहायला गेल्यावर शिजता शिजत नाहीत, ही तक्रार बऱ्याच घरांतून ऐकू येते. दुकान तेच, कुकर तोच, रात्रभर भिजवणंही तेच. मग दुकानदाराला दोष दिला जातो, कुकरचं रबर बदललं जातं, कोणी तरी सोडा टाकायला सांगतं. खरं तर बदललेलं असतं ते पाणी. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांत साठलेलं पावसाचं पाणी येतं आणि त्यात क्षार कमी असतात. दख्खनच्या काळ्या खडकातून उपसलेल्या बोअरच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. बादलीवर पांढरे डाग पडतात ते यांचेच.

कडधान्याच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. शिजताना हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा मऊ पडतो. कॅल्शियम पेक्टिनला बांधून टाकतं, ते सुटतच नाही, म्हणून तासभर कुकर लावूनही चणा दाताखाली कचकच लागतो. कडधान्यं बिघडतात ती मसाल्यामुळे फार क्वचित. दाण्याचं वय, पाणी, आंबट-गोड घालायची वेळ आणि विस्तव या चार गोष्टी जमल्या की उरलेलं काम फोडणी करते.

पाण्याचा इलाज अगदी साधा आहे. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर कडधान्य भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं, क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचं पाणी वापरावं. वाटीभर चण्यांना लागतं किती? भिजवायला चार वाट्या, शिजवायला तीन. तेवढं परवडतं. लंडनला राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हाच उपाय लागू पडतो, कारण तिथलं नळाचं पाणीही चांगलंच जड आहे.

दुसरा उपाय ऐकून जुन्या जाणत्या बायका नाक मुरडतील: भिजवायच्या पाण्यातच मीठ घालावं. एक लिटर पाण्याला साधारण एक मोठा चमचा, म्हणजे १५ ग्रॅम. मिठाने कडधान्य शिजत नाही असा आपल्याकडे पक्का समज आहे, पण अनुभव उलटा येतो. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते, आणि शिजताना दाणा फुटून लगदा होण्याऐवजी अख्खा राहतो. भिजवलेलं खारं पाणी ओतून टाकायचं, चणे धुऊन घ्यायचे. छोले, राजमा आणि काळे वाटाणे यांना हा उपाय विशेष मानवतो.

सोड्याचं काय? खाण्याचा सोडा काम करतो यात शंका नाही, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर विरघळतं. पण हात सैल सुटला की उसळीला साबणासारखी चव येते, दाण्याची पेज होते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. जुने, हट्टी चणे असतील तर भिजवण्याच्या पाण्यात वाटीमागे पाव चमचा सोडा घालावा आणि सकाळी दोन पाण्यांनी धुऊन टाकावा. रोजच्या मुगा-मटकीला तो घालणं म्हणजे निव्वळ घाई.

आंबट आणि गोड कधी घालायचं, हे मराठी स्वयंपाकघराला शिकवायची गरज नाही. पुरण करणाऱ्या प्रत्येक घराला ते ठाऊक असतं. हरभऱ्याची डाळ बोटांत धरून दाबली की विनातक्रार चिरडली पाहिजे, मगच कट निथळायचा आणि गूळ घालायचा. डाळ कच्ची असताना गूळ पडला, तर पुढे अर्धा तास आटवूनही कणी राहते आणि पुरणयंत्र फिरवणाऱ्याचा हात दुखतो. गूळ डाळीला मऊ होऊ देत नाही, शिवाय त्याच्यात स्वतःचं कॅल्शियम असतंच. चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक यांची आम्लताही पेक्टिनला धरून ठेवते. गंमत अशी, की पुरणाला हा नियम काटेकोर पाळणारं घर छोल्यांच्या कुकरमध्ये मात्र टोमॅटोची प्युरी आणि चणे एकदमच लोटतं. नियम दोन्हीकडे एकच आहे: आधी दाणा शिजवावा, मग आंबट. आमटीत चिंचेचा कोळ डाळ घोटून झाल्यावर, मटकीच्या उसळीत आमसूल गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी.

या नियमाचा उलटा उपयोगही करता येतो. चवळी किंवा अख्खा मसूर लवकर गळतो. तो हवा तेवढा शिजला की लगेच टोमॅटो किंवा आमसूल घालावं, दाणा तिथेच थांबतो. सांगली-कोल्हापूरकडच्या ढाब्यांवर मिळणारा अख्खा मसूर दाट असूनही दाणे दिसत राहतात. घरी तसा हवा असेल तर ही युक्ती उपयोगी पडते.

आता वयाकडे. वर्षभर पडून राहिलेलं कडधान्य दिसायला तसंच असतं, शिजायला नाही. उष्ण आणि दमट जागेत दाण्याच्या आत असे रासायनिक बदल होतात की पेक्टिन पुढे कितीही उकळलं तरी सुटत नाही. म्हणून गॅसच्या वरचं कपाट ही डबे ठेवायची सर्वांत सोयीची आणि सर्वांत वाईट जागा. वाफ आणि ऊब तिथे रोज पोहोचते. कडधान्याचे डबे ओट्यापासून लांब, अंधाऱ्या आणि कोरड्या फडताळात हवेत.

पाकिटावर छापलेली तारीख पॅकिंगची असते, काढणीची नव्हे. त्यापेक्षा हंगाम लक्षात ठेवावा. नवे मूग आणि उडीद साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बाजारात येतात, नवी तूर डिसेंबरपासून, हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाडव्याच्या आसपास वाण्याला ‘नवा हरभरा आला का?’ एवढं विचारलं तरी फरक पडतो. काबुली चणा जुना झाला की पिवळसर-तपकिरी होतो, मसूर काळपटतो, मटकीची चकाकी जाते. सगळ्यांत खात्रीची परीक्षा घरच्या वाटीत: मूठभर दाणे दहा तास भिजवावेत. दाणा फुगून दुप्पट झाला तर माल चांगला. बरेच दाणे तसेच टणक राहिले तर त्या पोत्यातून जास्त घेऊ नये.

हे टणक राहिलेले दाणे म्हणजे गणंग. मटकी आणि हुलग्यांत ते हमखास निघतात. त्यांची साल पाणी आतच घेत नाही, त्यामुळे त्यांना ना मोड येत, ना ते शिजत. ते वेचून काढण्याला पर्याय नाही. ओल्या मटकीची परात हलवली की जड गणंग तळाशी बसतात, तिथून काढावेत. एखादा नजरेतून सुटला तर तो पहिल्या घासालाच पाहुण्याच्या दाताखाली येतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

भुंगा ही वेगळी पीडा. मूग-चवळीला बारीक गोल भोकं दिसली म्हणजे किडा आत वाढून बाहेरही पडला. त्याची अंडी शेतातूनच दाण्यावर आलेली असू शकतात, म्हणून डबा घट्ट असूनही भुंगे होतात. पूर्वी राख चोळत, कडुनिंबाचा पाला घालत, तुरीच्या डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवत. हे उपाय आजही चालतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना त्याहून सोपं म्हणजे आणलेली पिशवी चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर दाण्यांना ओल धरते.

भिजवायला वेळ किती? काबुली चणे, हरभरे, राजमा, काळे आणि पांढरे वाटाणे आठ ते दहा तास. हुलगे त्याहून जास्त, बारा तास तरी. चवळीला चार-पाच तास पुरतात, मसुराला दोन. उन्हाळ्यात आठ तासांच्या पुढे भांडं बाहेर राहिलं तर पाण्याला फेस येतो, वास येतो, म्हणून मे महिन्यात फ्रीजमध्ये भिजत घालावं. आणि आयत्या वेळी पाहुणे येणार असं कळलं तर? चणे भरपूर पाण्यात दोन-तीन मिनिटं खळखळून उकळावेत, झाकण घालून तासभर तसेच ठेवावेत, ते पाणी काढून टाकावं आणि नव्या पाण्यात कुकरला लावावेत. रात्रभर भिजवल्याइतकं सुंदर होत नाही, पण लाज राखतं.

कुकरच्या शिट्ट्या मोजणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे आणि तिला काही अर्थ नाही. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत पाच शिट्ट्या होतात, मंद आचेवर वीस मिनिटांत एकही होत नाही. शिजणं अवलंबून असतं ते दाबाखाली, म्हणजे साधारण १२० अंश सेल्सियसला, दाणा किती वेळ राहिला यावर. पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी आणि घड्याळ बघावं. भिजवलेले काबुली चणे वीस मिनिटं, देशी हरभरे पंचवीस, पांढरे वाटाणे दहा-बारा, चवळी आठ-दहा. नंतर कुकर आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून दाब एकदम सोडला की आतलं पाणी उसळतं आणि दाणे फुटतात. वरण-भाताच्या कुकरमध्ये वरच्या डब्यात तूर किंवा मुगाची डाळ छान होते, पण चण्यांना तो डबा चालत नाही. त्यांना सरळ कुकरच्या भांड्यातच, दाण्यांवर दोन बोटं पाणी ठेवून शिजवावं. कडधान्य असताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकला तर ते धोक्याचं ठरतं. चमचाभर तेलाने फेस बराच कमी होतो.

राजम्याबद्दल मात्र थोडं गंभीर व्हावं लागेल. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा (त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे) असो की जम्मूचा लाल राजमा, हे सगळे एकाच कुळातले. कच्च्या दाण्यात, आणि लाल राजम्यात सर्वांत जास्त, लेक्टिन प्रकारचं विष असतं. त्याने काही तासांतच जोराच्या उलट्या-जुलाब होतात. निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळलं की ते नष्ट होतं; कुकरमध्ये तर नक्कीच. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, जिथे पाण्याला उकळीच येत नाही. असा अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. परदेशात स्लो कुकर वापरणाऱ्यांनी राजमा आधी वेगळा उकळूनच त्यात घालावा.

मोड आणणं हा मराठी घरांचा हातखंडा. तरी थंडीत मटकी रुसते आणि पावसाळ्यात ती चिकट होते. दोन्हीचं कारण समजून घेतलं की प्रश्न सुटतो. दाणा भिजला की जागा होतो आणि त्याला श्वास घ्यायला हवा लागते. पाण्यात बुडवून ठेवला तर तो गुदमरतो आणि आंबायला लागतो. म्हणून आठ-दहा तासांनी पाणी पूर्ण निथळायचं, दोनदा धुवायचं आणि ओलसर सुती फडक्यात सैल बांधायचं. घट्ट गाठोडं नको. आत हवा खेळली पाहिजे. उन्हाळ्यात रात्री बांधलेल्या मटकीला सकाळी मोड दिसतात. डिसेंबरात एक दिवस, कधी दीड दिवस लागतो. तेव्हा भिजवायला कोमट पाणी घ्यावं आणि पुरचुंडी गव्हाच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवावी. पावसाळ्यात फडकं वाळत नाही, म्हणून चाळणीत पसरून वर ताटली घालणं बरं. आठ-दहा तासांनी एकदा पाण्याखाली धरून पुन्हा निथळलं की चिकटपणा येत नाही. उसळीला पाव ते अर्धा इंच मोड भरपूर झाले. शेपट्या फार लांबल्या की चव उतरते.

अशी मोडाची मटकी कुकरला लावणं म्हणजे तिच्यावर अन्याय. पातेल्यात फोडणी करून मटकी परतायची, वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पाणी घालायचं. खालची वाफ ताटलीला लागून परत आत पडते, मटकी स्वतःच्या वाफेत शिजते, आणि रस्सा वाढवायला लागलं तर ताटलीतलं गरम पाणी तयार असतं. उकळत्या उसळीत गार पाणी ओतलं की तिचं शिजणं खुंटतं, ही अडचणही अशी आपोआप टळते. मूग सात-आठ मिनिटांत होतात, मटकीला बारा-पंधरा लागतात.

वालाची गोष्ट निराळी. भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर रायगड जिल्ह्यात कडवे वाल होतात आणि त्यांचं बिरडं सोलण्याच्या कष्टासकट प्रसिद्ध आहे. बारा तास भिजवून एक-दोन दिवस मोड आणावेत, मग कोमट पाण्यात अर्धा तास ठेवावेत. साल बोटाच्या चिमटीने सुटते. फ्रीजच्या गार पाण्यात बसून सोलणाऱ्यांचा तासभर वाया जातो. डाळिंब्या शिजताना डाव घालून ढवळू नये, पातेलंच दोन्ही हातांनी धरून हलवावं. गूळ, आमसूल आणि ओलं खोबरं शेवटी. आणि सोलणं जमणारच नसेल, तर बाजारात सोललेल्या डाळिंब्या मिळतात; त्या घेण्यात कमीपणा नाही.

मोडांबद्दल एक गैरसमज जिममध्ये जाणाऱ्या मुलांमुळे घरोघर पोहोचला आहे, की मोड आणले की प्रथिनं दुप्पट होतात. तसं होत नाही. १०० ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. त्याच मुगाचे मोड काढले की पाणी शोषून वजन दुपटीच्या वर जातं, म्हणजे १०० ग्रॅम मोडांत प्रथिनं निम्म्याहून कमीच भरतात. मोडांचा खरा फायदा वेगळा आहे. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व तयार होतं, लोहाला अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं, आणि पोट फुगवणाऱ्या शर्कराही घटतात. वरून लिंबू पिळलं तर लोह आणखी चांगलं अंगी लागतं. मिसळीवर लिंबू पिळणारा नकळत शहाणपणा करतो, आणि मिसळ संपताच कटिंग मागवून तो निम्मा घालवतो. चहातली टॅनिन लोहाची वाट अडवतात. चहा तासाभराने घ्यावा.

कच्चे मोड खाण्याची हौस जपून करावी. मोडांना लागते तीच ऊब आणि ओल जंतूंनाही आवडते. २०११ मध्ये जर्मनीत इ. कोलाय जंतूची मोठी साथ आली, पन्नासच्या वर माणसं दगावली, आणि तपास मेथीच्या मोडांपर्यंत जाऊन पोहोचला. घरच्या मोडांना वाईट म्हणायचं कारण नाही, पण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं आणि आजारातून उठलेल्यांना मोड नीट वाफवून, गरमच द्यावेत. वाफवल्याने क जीवनसत्त्व थोडं जातं, तेवढा तोटा सोसावा.

पोट फुगण्याचं मूळ कडधान्यातल्या त्या शर्करांत आहे. त्या पचवणारा पाचकरस माणसाकडे नसतो, म्हणून मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू करतात. भिजवलेलं पाणी फेकणं, मोड आणणं आणि पूर्ण मऊ शिजवणं या तीन गोष्टींनी त्या बऱ्याच कमी होतात. हिंग-ओवा घालावाच, पण अर्धवट शिजलेल्या छोल्यांना हिंग वाचवू शकत नाही. ज्यांच्या घरी कडधान्य फारसं होत नाही त्यांनी मुगापासून, वाटीभरापासून सुरुवात करावी. काही आठवड्यांत पोटाला सवय होते.

भिजवलेलं पाणी फेकायचं, शिजवलेलं मात्र नाही. पुरणाच्या कटाची आमटी, हुलग्याचं किंवा मुगाचं कढण ही त्या पाण्याची जुनी, चविष्ट सोय आहे. काबुली चण्याचं शिजवलेलं पाणी आटवून दाट केलं आणि गार करून फेटलं, तर अंड्याच्या पांढऱ्यासारखं पांढरंशुभ्र फुगतं. ही करामत २०१४ मध्ये जोएल रोसेल या फ्रेंच माणसाने लोकांपुढे आणली. बिनअंड्याचा केक करणाऱ्यांनी ते पाणी मीठ न घालता शिजवून जरूर वापरून बघावं.

रोज भिजवणं ज्यांना जमत नाही, त्यांनी रविवारी अर्धा किलो चणे एकदम शिजवावेत आणि एकेका भाजीपुरते भाग करून, थोड्या शिजवलेल्या पाण्यासकट फ्रीझरमध्ये टाकावेत. दोन महिने उत्तम राहतात. नुसत्या फ्रीजमध्ये शिजवलेलं कडधान्य तीन दिवस, आणि मोडाची मटकी कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. मोड तपकिरी झाले, हाताला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर ती मटकी टाकून द्यावी. तिखट-मिठाने आणि उकळीने ती परत चांगली होत नाही.